आमच्या घरचं पाणी

दादांना दवाखान्यातून घरी आणलं ते ऐन मे महिन्यात. दादा म्हणजे माझे वडील, वय ऐंशीच्या पुढं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, मागतील ते खायला द्या. ह्याचा अर्थ एसटीत जन्म घालवलेल्या कंडक्टरला फोडून सांगावा लागत नाही. दवाखान्यातून परतणारी माणसं मी आयुष्यभर गाडीत चढवून घेतली आहेत, सोबतच्या माणसाचं तोंड बघूनच मला कळायचं.

घरी आणून खाटेवर टेकवलं, बायकोनं चमच्यानं पाणी पाजलं, आणि दादांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं शेतातल्या बोअरचं काहीतरी सांगतील, नाहीतर बहिणीला बोलवून घे म्हणतील. ते म्हणाले, "त्या घरचं कुणीतरी येऊन आपल्यात घोटभर पाणी पिऊन जाऊ दे. मग मी सुटलो."

दुसरं काहीही मागितलं असतं तर आणलं असतं. काशीचं गंगाजल मागितलं असतं तर ते सोपं होतं, आजकाल ते बाटलीत मिळतं.

त्या घरचं म्हणजे कुणाच्या घरचं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाव सिरसाळ्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. आमच्या दारातून हाक मारली तर त्या घरात ऐकू जाते. दोन्ही घरं शेतकऱ्यांची. भावकी वेगळी, पण शेजार जुना. बोलणं आहे, चालणं आहे, लग्नकार्याला आहेर आहे. फक्त त्या घरचं माणूस आमच्या घरचं पाणी पीत नाही. निजामाचं राज्य गेलं त्या सालापासून पीत नाही.

झालं ते असं. आमचे आबा, म्हणजे दादांचे वडील, आणि त्या घरचा कर्ता माणूस, ह्या दोघांची सावड होती. सावड म्हणजे एक बैल ह्याचा, एक त्याचा, मिळून एक औत. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. जनावरांना एकमेकांची सवय राहावी म्हणून कोळपणीच्या दिवसांत दोन्ही बैल त्या घरच्या गोठ्यात बांधायचे. तो माणूस रानात लपलेल्या चळवळीतल्या पोरांना भाकरी पोचवायचा. पोळ्याच्या तोंडावर एका रात्री निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी गावावर आली. गावाला तेव्हा वेस होती, वेशीला दरवाजा होता, दरवाजाला आतून अडसर होता. तो अडसर आमच्या आबांनी काढला. घरही आबांनीच दाखवलं. त्या माणसाला दारातच मारलं आणि घराला काडी लावली. गोठा, कडबा, जनावरं, सगळं गेलं. त्याची बायको गरोदर होती. तिला गावातल्या मुलाण्यानं मागच्या भिंतीवरून ओढून नेलं आणि आपल्या घरात कणगीमागं लपवलं, म्हणून ती जगली.

थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची फौज आली, निजाम गेला, आणि गावाची बैठक बसली. आबांनी सांगितलं, छातीला बंदूक लावली होती, काय करतो? गावानं ते मान्य केलं. गाव तरी काय करणार, त्या वर्षात प्रत्येकानंच थोडंफार काहीतरी केलेलं होतं. ती बाई मात्र पोटुशी असताना चावडीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ह्या घरचं पाणी माझ्या वंशाला वर्ज्य. एवढं बोलून ती निघून गेली. पुढं तिला मुलगी झाली. एकुलती एक, म्हणून तिच्यासाठी घरजावई आणला. ती मुलगी म्हणजे आमची आत्या. गावची लेक, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. तिचा मुलगा माझ्या वर्गातला आणि माझा जन्माचा दोस्त.

दोस्त कसला, भाऊच. एका बाकावर बसलो, एका चिंचेवरून पडलो, एकाच मास्तरचा मार खाल्ला. पण खेळता खेळता तहान लागली की हा गडी आमच्या दारावरून पळत आपल्या घरी जायचा, पाणी पिऊन पळत परत यायचा, आणि तोवर सगळा डाव थांबायचा. मोठेपणी आमच्या रानात सोयाबीन काढायला आला तर खांद्यावर स्वतःचा कॅन. भाकरी मात्र आमच्यातली खायचा, वर कांदा मागून घ्यायचा. ठसका लागला तरी पाणी आपलं. मी त्याला चिडवायचो, बे, आमच्या भाकरीचं पीठ काय दुधात मळलंय का? तो हसून म्हणायचा, आजीनं भाकरीचं काय सांगितलं न्हाई.

एका उन्हाळ्यात गावातले सगळे बोअर आटले आणि आमच्याच बोअरला पाणी राहिलं. गाव आमच्या दारात घागरी घेऊन उभं. त्या घरची सून तेवढी डोक्यावर हंडा घेऊन शिवारापल्याडच्या विहिरीवर जायची. दादा ओट्यावर बसून तिला जाता-येता बघायचे. त्या दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. बायको मला म्हणायची, सासऱ्यांना दवाखान्यात दाखवा. मला तेव्हा वाटायचं, उन्हाचा ताप असेल.

आता आमच्या घरात ही गोष्ट कशी सांगायचे ते ऐका. आबा बिचारे, बंदुकीपुढं काय करणार. आणि वर एक गोड शेवट, बैलाचा. त्या रात्री गोठ्यातलं सगळं जळालं पण आमचा बैल वाचला. देवानं वाचवला. तो बैल पुढं म्हातारा होऊन मेला तेव्हा आबांनी त्याला रानात लिंबाखाली पुरलं आणि वर दगड बसवला. दर पोळ्याला आम्ही त्या दगडाला शेंदूर लावतो, पुरणाची पोळी ठेवतो, आणि घरातला मोठा माणूस बारक्या पोरांना गोष्ट सांगतो, की गावात एवढा जाळ झाला पण आपलं जनावर वाचलं, आपली पुण्याई. आधी आबा सांगायचे. मग दादा सांगायचे, पण त्यांचं सांगणं दोन वाक्यांत आटपायचं, म्हणून पुढं ते काम मी घेतलं. मी मीठमसाला लावून सांगायचो. कंडक्टरला तोंड असतंच. दोस्त कितीतरी पोळ्यांना तिथं लिंबाखाली उभा असायचा, माझ्याच शेजारी.

आणि खरं सांगतो, मला आबा लई आवडायचे. मी दहाएक वर्षांचा असताना ते गेले. विहिरीत पाठीला वाळके भोपळे बांधून त्यांनी मला पोहायला शिकवलं. बाजारातून येताना धोतराच्या सोग्यात रेवड्या बांधून आणायचे आणि आईला कळू न देता मला द्यायचे. ते कुणाचं वाईट करतील हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

मागच्या साली आमच्या डोंगरावर बाहेरचे लोक पवनचक्क्या उभ्या करायला आले. कोण एकटं आहे, कुणाचा भाऊ फुटेल, कुणाचं रान कसं दाबायचं, हे त्यांना आमच्यातल्याच एकानं दाखवलं. मला माणूस कळला तसा मी पानटपरीवर चारचौघांत त्याच्या तोंडावर म्हणलं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मला स्वतःचं कौतुक वाटलं. दोस्त शेजारीच उभा होता. तो सुपारी चघळत रस्त्याकडं बघत राहिला. मी समजलो, त्याला पटलं.

तर दादांनी मागितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आत्याकडं गेलतो. ती ओसरीवर बसून अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवरून कावळे हाकत होती. सुनेला सांगून माझ्यासाठी चहा मागवला. आम्ही त्यांच्यात चहा पितो, पाणी पितो, बंदी एका अंगानंच आहे. मी चहा पिऊन दादांचं सगळं सांगितलं. आत्याला वाईट वाटलं, डोळ्याला पदर लावला. मला धीर आला आणि मी वकिली सुरू केली. म्हणलं, आता किती दिवस हे ओढायचं. ज्यानं केलं तो गेला, जिनं शपथ घातली ती गेली. आणि आबांनी तरी काय हौसेनं केलं का? छातीला बंदूक लावली तर तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

आत्यानं हातातली काठी खाली ठेवली. "लावली आसंल," ती म्हणाली. "बंदूक राती आली, लेकरा. बैल दुपारीच नेला."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणलं, कोणता बैल? मग तिनं सांगितलं, आईनं तिला सांगितलं होतं तसं. तिच्या आवाजात राग नव्हता, रोजचं काम सांगावं तसं सांगितलं. त्या दिवशी दुपारी आबा त्यांच्यात आले. ह्याच ओसरीवर बसले. तिच्या आईनं तांब्याभर पाणी दिलं, ते प्याले, आणखी मागून प्याले. मग म्हणाले, आमच्या बैलाचा खांदा आलाय, जू घासून सुजलाय, दोन दिस घरी बांधतो, हळद-तेल लावतो. तिच्या आईनं त्याच सकाळी दोन्ही बैलांच्या मानेवरून हात फिरवला होता. खांदा स्वच्छ होता. पण तिला वाटलं, पोळा जवळ आला, ह्यांना आपलं जनावर आपल्या दारात सजवायचं असेल आणि तसं सांगायला लाजत असतील. ती मनात हसली. तिनंच उठून दावं सोडलं आणि आबांच्या हातात दिलं.

मी तिथं बसून राहिलो. कपात चहा संपलेला, तरी कप हातातच. शेवटी विचारलं, आत्या, एवढं ठाऊक होतं तर इतक्या वर्षांत कधी बोलला कावून न्हाई?

"आमी कावून बोलावं?" ती म्हणाली. "दर पोळ्याला तूच सांगतुस की."

तिथून घरी यायला पाच मिनिटं लागत नाहीत. मी शिवाराकडं गेलो. लिंबाखाली गेलो नाही, बांधावरच उन्हात बसलो. आबांसाठी मी काय काय शोधलं नाही. म्हणलं, टोळीनं आधीच धमकावलं असेल. असेल. घरात लहान पोर होतं, दादा तेव्हा पाचेक वर्षांचे, त्यांच्या जिवाच्या भीतीनं केलं असेल. तेही असेल. पण भ्यालेल्या माणसाला बैल आठवतो का? बैल आठवला म्हणजे डोकं थंड होतं. आणि त्या ओसरीवर तोंड उघडलंच होतं, तर एक वाक्य बोलायचं होतं. आज रात्री घरात झोपू नका. एवढंच. बैलाचा खांदा आलाय हे सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते सांगून झालं असतं. मुलाण्याच्या दारापुढंही त्याच बंदुका फिरत होत्या, त्यानं एका बाईला भिंतीवरून ओढून नेलं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आबांना त्या माणसाचा राग होता असंही कधी कुणी म्हणालं नाही. मला वाटतं, त्यांनी फक्त अंदाज बांधला. निजाम टिकेल असं त्यांना वाटलं, आणि टिकणाऱ्याच्या अंगाला उभं राहावं म्हणून त्यांनी शेजारी दिला. अंदाज चुकला, एवढीच त्यांची अडचण झाली. वैरी बाहेरून येतो, त्याला गावातलं घर कुठं ठाऊक असतं? त्याला बोट दाखवणारा लागतो. आणि ज्याच्या घरचं पाणी पोटात आहे त्याच्याकडं बोट दाखवायला माणूस आतून काय झालेला असावा लागतो, हे मला आजही उमगत नाही. मी टपरीवर जी म्हण फेकून मारली होती ती आठवली आणि तोंड लपवावंसं वाटलं.

घरी आलो तर दादांचे डोळे दाराकडं. विचारलं, काय म्हणली? मी म्हणलं, बघू म्हणली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दाराकडं बघायला लागले.

तिथून पुढचे दिवस माझे मला माहीत. इकडं आड, तिकडं विहीर. आत्यावर जोर करावा तर कोणत्या तोंडानं? दादांना खरं सांगावं तर मरणाऱ्याच्या छातीवर धोंडा. बरं, घरात राहावं तर ते डोळे. बाहेर जावं तर दोस्त भेटणार. रानात जावं तर लिंब. साठीला आलेला माणूस मी, आपल्याच गावात मला उभं राहायला जागा राहिली नाही. मी कुत्र्यावर ओरडायला लागलो, कूलरला लाथ मारली, भाजीत मीठ नाही म्हणून ताट सारलं. दादा दर तासा-दोन तासानं विचारायचे, कुणी आलं का? कधी कधी बाहेर नुसती चप्पल वाजली तरी मान उचलायचे. मला त्यांची दया यायची आणि पुढच्या क्षणाला त्यांचाही राग यायचा, आणि आपल्याला बापाचा राग येतोय ह्याचा आणखी राग.

शेवटी बायकोनं पदराला धरून बसवलं आणि काय झालं ते काढून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या दोस्ताला सांगा, येऊ दे आणि गिलास नुसता ओठाला लावू दे. पिऊ नको म्हणावं. सासऱ्यांना काय दिसतंय आता. त्यांचा जीव तरी सुटेल. मला ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार.

दोस्त गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. मी त्याला सांगितलं. शब्द जुळवून, हसत-बिसत सांगितलं. त्यानं पेंढी खाली ठेवली. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी चिडला नव्हता, त्या दिवशीही आवाज चढवला नाही. म्हणाला, "माझ्या आजीनं दिलतं ते खरं पाणी होतं, बे." आणि पुन्हा पेंढी उचलली. मी उभा होतो तसाच परत फिरलो.

त्यानं ते घरी आईला सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी, ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि आत्या काठी टेकत आमच्या दारात आली. कितीतरी वर्षांनी. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. मी धावत जाऊन हात धरला. तिनं धरू दिला. खाटेजवळ स्टूल सरकवलं, त्यावर बसली आणि दादांच्या पायावर हात ठेवला.

दादांनी तिला ओळखलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते कानात गेलं, बायकोनं पुसलं. आत्या म्हणाली, दादा, मी आलेय. दादा काहीतरी बोलत होते पण आवाज फुटेना. मी कान तोंडाजवळ नेला. त्यांनी मला हातानं दूर केलं. त्यांना मला सांगायचं नव्हतं.

"बैल मी बघितलता," ते आत्याला म्हणाले. "दुपारी. आमच्या दारात बांधलता. मीच त्याला पेंढी टाकली."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ते दोन वाक्यांत गोष्ट का आटपायचे, त्या उन्हाळ्यात त्यांच्या घशाखाली घास का उतरत नव्हता, हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. दर पोळ्याला मी लिंबाखाली घसा ताणून सांगायचो आणि हा माणूस मागं उभा राहून ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही, गप बस.

आत्या म्हणाली, "लेकरू व्हतास दादा तू."

"व्हतो," दादा म्हणाले. "मग मोठा झालो की."

आत्यानं दादांचे पाय दाबले. मग बाटलीचं झाकण काढलं. बायकोनं चमचा पुढं केला. आत्यानं आपल्या बाटलीतलं पाणी चमच्यात ओतलं आणि दादांच्या ओठाला लावलं. दादा प्याले. तिनं दुसरा चमचा दिला, तोही प्याले. दवाखान्यातून आल्यापासून त्यांच्या घशाखाली एवढं पाणी धड उतरलं नव्हतं. आमचा माणूस पुन्हा त्यांच्याच हातचं पाणी पीत होता, आणि मी बघत होतो.

बायको आत गेली. घासून लख्ख केलेला तांब्या आणि फुलपात्र घेऊन आली, माठातलं गार पाणी, वाळा घातलेलं. तिनं फुलपात्र भरलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि दोन्ही हातांनी आत्यापुढं धरलं. दादा बघत होते. आत्यानंही फुलपात्राकडं बघितलं, चांगलं बघितलं. तिच्या ओठांना पांढरी पापडी आली होती.

"नगं बाई," ती म्हणाली. "मला तहान न्हाई."

बायकोचे हात तसेच राहिले. दादांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाईट वाटलं का, हे मला कळलं नाही. ते रडले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, हिशेब बरोबर आहे असं सांगितल्यासारखी.

आत्या उठली. बाटली तिनं दादांच्या उशाशी ठेवली आणि बायकोला म्हणाली, ही राहू दे, मागितलं तर ह्यातलंच पाजा. मी छत्री घेतली आणि तिला सोडायला निघालो. ती नको म्हणाली नाही. पायाखाली फुफाटा भाजत होता. ती चार पावलं चालायची आणि काठीवर भार देऊन थांबायची. मला खूप काही बोलायचं होतं. माफी मागायची होती, पण कशाची, कुणाच्या वतीनं, आणि ती देणारी तरी ती कोण, ज्याला मारलं तो तर तिनं बघितलाही नव्हता. मी नुसती छत्री धरून चाललो.

शाळेपाशी ग्रामपंचायतीचा हापसा आहे. तिथं ती थांबली. काठी भिंतीला टेकवली, हापशाजवळ खाली बसली आणि तोटीपुढं ओंजळ धरली. माझ्याकडं बघितलं नाही. मी छत्री टाकली आणि दांडा मारायला लागलो. बराच वेळ नुसती हवा आली, मग पाणी आलं. ती प्यायली. ओंजळ रिकामी झाली की पुन्हा धरायची, आणि मी दांडा मारायचो. किती वेळ पीत होती ती. माझे हात भरून आले तरी थांबवेना.

पिऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि काठी मागितली.

"जा तू आता," ती म्हणाली. "बाप एकटा हाय."